दुपार सोडून दे

प्रश्न: मावशी, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बँकॉकला आलो त्याला आठ महिने झाले. मुलगा चार वर्षांचा आहे. मी कोरड्या उन्हाच्या मुलखात वाढले, ४५ अंश पाहिलेत, म्हणून ३५ चं काय एवढं, असं वाटलं होतं. पण सकाळी अकराला भाजी आणायला गेले की घरी येईपर्यंत अंगात त्राण राहत नाही. मग एसी २२ वर लावून दिवसभर पडून राहते. विजेचं बिल बघून नवरा म्हणतो, तू आळशी झालीस. मलाही आता ते खरं वाटायला लागलंय. कपाटातल्या पैठणीवर बुरशी आली, चपलांवर आली. मुलाच्या मानेवरचं घामोळं जात नाही. बोलायला कोणी नाही. बिल्डिंगमधल्या दोन-तीन भारतीय घरांना डबे करून द्यावेत असं मनात येतं. डिसेंबरात भावाच्या लग्नाला गेले की परत यावंसंच वाटणार नाही, याची भीती वाटते. काय करू?

उत्तर:

आळशी हा शब्द आधी डोक्यातून काढ. नवऱ्याने तो वापरला ते एक वेळ समजू शकते. त्याचा दिवस एसीच्या गाडीतून एसीच्या ऑफिसात आणि तिथून एसीच्या घरात जातो, बँकॉकची दुपार त्याला काचेतूनच दिसते. येत्या शनिवारी सकाळी अकराला त्यालाच भाजीला पाठव. एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात चार वर्षांचा मुलगा, आणि टॅक्सी करायची नाही. आल्यावर बिलाबद्दल बोलू म्हणावं.

तू पाहिलेलं ४५ आणि इथलं ३५ यांची तुलनाच करू नकोस. अंग थंड होतं ते घाम सुकल्यामुळे, नुसता घाम आल्यामुळे नाही. कोरड्या हवेत घाम आल्या आल्या उडून जातो, सावलीत उभं राहिलं की जिवात जीव येतो. इथे हवेतच एवढं पाणी की घाम सुकायला जागा नाही. तो पाठीवरून ओघळतो आणि वाया जातो. सावलीत गेलीस तरी हवा तीच. रात्रही फारशी सोडवत नाही, एप्रिलमध्ये पहाटेसुद्धा पारा २७ च्या आसपास असतो. शिवाय बँकॉक विषुववृत्तापासून जेमतेम १४ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा, एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या मध्याला, सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा माध्यान्हीला खांबाची सावलीही मिळत नाही.

मग आठ महिन्यांत सवय का झाली नाही? कारण तू सवय होऊच दिली नाहीस, आणि यात आळसाचा काही संबंध नाही. शरीराला उकाड्याची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, पण त्या काळात रोज थोडा वेळ उकाड्यात काढावा लागतो, तेही थोडं हालचाल करत. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयाची धडधड कमी होते. आणि उकाड्यातलं रोजचं हिंडणं-फिरणं थांबलं की काही आठवड्यांत ही कमाई ओसरते. तू दिवसभर २२ अंशांत असतेस आणि एकदम अकराच्या उन्हात उतरतेस. आठ महिने झाले तरी तुझ्या अंगाच्या लेखी तू कालच विमानातून उतरली आहेस.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की तू इथे राहायला आलीस, पण घड्याळ तिकडचंच ठेवलंस. नऊला मुलाचं आवरायचं, अकराला भाजी, मग दिवसभर दमून घरात. या शहरातली माणसं असं वागत नाहीत. तुझ्या सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी नारिंगी जाकिटं घातलेले मोटरसायकल टॅक्सीवाले बसतात ना, त्यांच्याकडे एकदा नीट बघ. दुपारी बारा ते तीन त्यांची बाकं सावलीत सरकलेली असतात. त्या जाकिटाच्या आत पूर्ण बाह्यांचा शर्ट. ऑफिसातल्या मुली जेवायला निघतात त्या छत्री उघडून, आणि चालतात इतक्या सावकाश की तुला मागून ओलांडून जावंसं वाटेल. जाऊ नकोस. त्यांच्याच चालीने चाल. सोईच्या आत चारशे पावलांवर घर असलेली बाईसुद्धा दुपारी बिनदिक्कत मोटरसायकल करते आणि तिला कोणी आळशी म्हणत नाही.

आता या शहराची सकाळ बघ. लुंपिनी पार्क पहाटे साडेचारला उघडतं आणि सहाच्या आत तिथे जत्रा असते. पळणारे, ताई-ची करणाऱ्या आज्या, तळ्याकाठी पुरुषभर लांबीच्या पाणघोरपडी आणि त्यांच्यापासून दोन हात लांब उभी राहून फोटो काढणारी माणसं. आठ वाजता ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत लागतं आणि पळणारा माणूसही एक पाय पुढे टाकून जागच्या जागी थांबतो. मुलाला एकदा ते दाखव, त्याला हा खेळ फार आवडेल. संध्याकाळी सहाला पुन्हा तेच. त्याच सुमाराला तिथे मोठ्या आवाजात गाणी लावून एरोबिक्स चालतं. येईल तो मागच्या रांगेत उभा राहतो. घरापासून लुंपिनी लांब पडत असेल तर बेंजाकिती पार्क बघ. जुन्या तंबाखू कारखान्याच्या जागेवर २०२२ मध्ये त्याचा मोठा, पाणथळ झाडीचा भाग खुला झाला. उंचावरून पायवाट जाते आणि लहान मुलाला घेऊन चालायला ती छान आहे.

बाजारही सकाळचाच. ख्लोंग तोईच्या मंडईत ताजी भाजी रात्रीपासूनच उतरते आणि अकराला तू पोचतेस तेव्हा उरलेली कोथिंबीर माना टाकून बसलेली असते. तुझ्या जवळपास छोटा बाजार असेलच. सहा-साडेसहाला जा. पाठीमागे भिक्षेला निघालेले भगवे भिक्खू, तळणीचा वास, डोक्यावर अजून न आलेलं ऊन. या देशात वर्षभर सूर्य सहाच्या आगेमागे उगवतो आणि सहाच्या आगेमागे मावळतो, फरक पाऊण-एक तासाचा. त्यामुळे एकदा बसवलेलं वेळापत्रक बारा महिने चालतं, ही इथली मोठी सोय आहे.

मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं: साडेपाचला उठायचं, सहाला मुलाला घेऊन बाहेर. भाजी, फेरफटका, परत. नऊच्या आत पोळ्यांसकट स्वयंपाक उरकलेला, म्हणजे भर दुपारी गॅसपुढे उभं राहायला नको. अकरा ते साडेतीन पडदे ओढून घरात. झोप, वाच, मुलाबरोबर चित्रं काढ, काहीही कर, पण त्या वेळेबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस, ती वेळ इथे कोणाचीच नाही. साडेचारला दुसरी अंघोळ. इथे दिवसातून दोन-तीन अंघोळी हा चैनीचा प्रकार नाही, दात घासण्याइतकी साधी गोष्ट आहे. साडेपाचला पुन्हा बाहेर. पहिले दोन आठवडे जीव जाईल, विशेषतः संध्याकाळी. पाणी थोडं थोडं पीत राहा, जेवणात मिठाची काटकसर करू नकोस (रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून). नंतर एक दिवस तुझ्याच लक्षात येईल की पंख्याखाली बसलीस आणि एसी लावायचा राहून गेला.

एसीबद्दल. बंद कर असं मी म्हणणार नाही, वेडेपणा आहे तो. २६-२७ वर ठेव आणि वर पंखा लाव. पंख्याने घाम सुकतो, मग २६ सुद्धा पुरतं. जाळी दर दोन आठवड्यांनी काढून नळाखाली धू. वर्षातून दोनदा तरी माणूस बोलावून आतून धुऊन घे. इथे ‘लाँग ए’ करणारे, म्हणजे एसी धुणारे, गल्लोगल्ली असतात, प्लास्टिकची झोळी बांधून यंत्र धुतात, आणि त्यातून निघणारं काळं पाणी बघितलंस की मुलाची सर्दी कुठून येत होती याचाही कदाचित पत्ता लागेल. आणि बिलाचं म्हणशील तर एक गोष्ट तपास: बिल थेट वीजमंडळाचं येतं की घरमालकाच्या कागदावर? मालक स्वतःचा दर लावत असेल तर तो सरकारी दरापेक्षा बराच चढा असू शकतो. भाडेकरारात युनिटचा दर लिहिलेला असतो. तुमचं भांडण कदाचित तुझ्या आळसाचं नसून त्या आकड्याचं असेल.

पैठणी. अगं, ती प्लास्टिकच्या पिशवीत होती ना? बहुतेक घरांत तेच होतं. पिशवीत आतला दमटपणा कोंडतो आणि बुरशीला आयतं घर मिळतं. आता ती ओल्या फडक्याने पुसू नकोस, डाग आत बसेल. बाल्कनीत सावलीत, उन्हात नाही, पसरून मऊ ब्रशने हलकी झटक. नाकाला रुमाल बांध आणि मूल आत ठेव. मग ड्रायक्लीनिंग. परत ठेवताना जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळायची. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढ. दोन-तीन दिवसांनी एकदा, खोलीत एसी ‘ड्राय’वर लावून तासभर कपाटाची दारं उघडी टाक. डांबराच्या गोळ्यांनी कीड जाते, बुरशी जात नाही, आणि जरीला त्या टेकू देऊ नयेत. चामड्याचे पट्टे, पर्स, बूट हवेशीर फळीवर. कपडे कधीच झोपायच्या खोलीत वाळत घालू नकोस. एवढं करून जमलं नाही तर हवेतलं पाणी ओढणारं यंत्र घे, पैठणीच्या किमतीपुढे ते स्वस्तच आहे. रवा, बेसन, पिठं फ्रिजमध्ये, हे तू एव्हाना शिकली असशीलच.

मुलाच्या मानेचं. घामोळं म्हणजे घामाची तोंडं बुजणं. त्यावर तेल, जाड मलम किंवा पावडरीचे थर लावले की ती आणखी बुजतात. गार पाण्याने दोनदा-तीनदा अंघोळ, मान कोरडी टिपणं, मागचे केस बारीक, सैल सुती बनियन, दुपारचे काही तास थंड खोली. एवढ्याने बहुधा बसतं. इथे दुकानोदुकानी मिळणारी मेंथॉलची गार पावडर मोठ्यांना छान वाटते. लहानाच्या तोंडाजवळ झटकू नकोस. आणि घरून आणलेली ती ‘सगळ्यावर चालणारी’ मलमाची ट्यूब असेल तर तिच्यावर काय लिहिलंय ते वाच. त्यात स्टेरॉइड असेल आणि मुलाला निघालेला चट्टा नायट्याचा असेल, तर दोन दिवस बरा वाटून तो दुप्पट पसरतो. गोल, कडेला लाल, मध्ये फिकट असा चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखव.

डासांचं तू काही लिहिलं नाहीस म्हणून मीच सांगते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी मावळायच्या आधी. नेमक्या मी तुला बाहेर पडायला सांगितलेल्या वेळा. म्हणून पूर्ण बाह्या आणि डास पळवणारं औषध लावूनच निघायचं. बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा उलट्या कर. ताप आला तर पॅरासिटामॉलच द्यायचं, अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन अजिबात नाही. आणि हे नीट लक्षात ठेव: डेंग्यूत ताप उतरायला लागतो ते दोन दिवस जास्त जपायचे. त्या वेळी पोटात सारखं दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल गळून जाणं, यातलं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल. रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६९. भर उन्हात कोणी बरळायला लागलं, चालताना झोकांड्या खाऊ लागलं, तरी तोच क्रमांक, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी आणि वारा.

आता डबे. तुझा उत्साह मोडायला नको वाटतं, पण इथे मी स्पष्टच बोलते. तू नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहेस. त्यावर वर्क परमिटशिवाय पैसे मिळवायला परवानगी नाही, मग ते तीन डबे असोत की तीस. पकडलं तर ५,००० ते ५०,००० बाथ दंड आणि देशाबाहेर रवानगी. ‘कोण बघतंय’ असं सांगणारे भेटतील. कोणाशी तरी बिनसलं की नेमकं तेव्हा कोणीतरी बघतं. शेजारणीला वाटीभर भाजी दे, तिची घे, त्याला कोणाची हरकत नाही. विकायचं तर आधी परमिट. खरंच काम करायचं असेल तर परमिट काढून देणारा मालक शोध. आंतरराष्ट्रीय शाळा भारतीय शिक्षिका घेतात, तुझी पदवी आणि प्रमाणपत्रं साक्षांकित करून ठेव.

डब्यांमागे तुला हवंय ते माणसांत असणं, हे कळतंय मला. थाई शिकायला लाग. शिकवणीला जा, घरी मोबाइलवर नाही, कारण शिकवणीत तुझ्यासारख्याच जपानी, कोरियन, बर्मी बायका भेटतात आणि सगळ्यांनाच बोलायला कोणीतरी हवं असतं. आधी आकडे आणि डावं-उजवं शीक, बाजार आणि मोटरसायकल तेवढ्यावर सुटतात. रोज एकाच फळवालीकडून घे. चौथ्या-पाचव्या खेपेला ती मुलाच्या हातावर एक फोड ठेवेल आणि तुमचं बोलणं सुरू होईल. आपलं काही हवंसं वाटलं तर पाहुरतला जा, डाळी-मसाले, कापडाची दुकानं, गुरुद्वारा सगळं एकाच भागात आहे. सिलोमच्या मरिअम्मन देवळाची नवरात्रातली मिरवणूक बघ, रस्ता बंद होतो. आणि हुआय ख्वांगच्या चौकातल्या गणपतीला एका संध्याकाळी मुलाला घेऊन जा. तिथे थाई मुलंमुली उदबत्त्या लावून इतक्या मनापासून काय काय मागत असतात की तुला हसू येईल आणि बरंही वाटेल.

डिसेंबरच्या लग्नाला जरूर जा. परत यावंसं वाटणार नाही याची भीती मला फार वाटत नाही. तोपर्यंत पाऊस संपलेला असेल, डिसेंबर-जानेवारी हा इथला सगळ्यात बरा काळ आहे, आणि तू सकाळी सहाला बाहेर पडायला लागलेली असशील. मला काळजी आहे ती कागदांची. निघण्याआधी री-एंट्री परमिट काढ. ते न काढता देशाबाहेर गेलीस तर तुझी मुक्कामाची मुदतवाढ तिथेच संपते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एका वेळचं १,००० बाथ, कितीही वेळांचं ३,८०० बाथ. मुलाचंही वेगळं काढावं लागतं, हे बरेच जण विसरतात. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो, त्या नोंदीची तारीख पासपोर्टात चिकटवलेल्या चिठ्ठीवर असते. मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत जाऊन करता येते, चुकली तर २,००० बाथ दंड. तू परत आलीस की ९० दिवस नव्याने मोजायचे. री-एंट्री परमिट विमानतळावरही मिळतं, पण लग्नाच्या बॅगा, मूल आणि रांग हे एकत्र नको. जाण्याच्या दोन आठवडे आधी नवऱ्याला घेऊन चेंग वत्थनाच्या इमिग्रेशन ऑफिसात जा, सकाळी दार उघडायच्या आत.